गंगाराम तांबटाचा गेंडा

चार वर्षांपूर्वी आमच्या मंगळवार पेठेतल्या एका वाचनालयाच्या वर्धापनदिनी माझे व्याख्यान झाले. विषय होता सवाई माधवरावांच्या काळातली चित्रकला. समोर चाळीस-पन्नास माणसे, बाहेर तालमीतल्या पोरांचा गलका. मी टिपणे काढून नेली होती आणि ती वाचून दाखवावीत तसे सांगत गेलो. जेम्स वेल्स नावाचे स्कॉटिश चित्रकार पुण्यात आले, शनिवारवाड्यात त्यांनी मराठी मुलांना चित्रकला शिकवली आणि त्या शिकवणीतून गंगाराम तांबट नावाचा एक चांगला चित्रकार तयार झाला. टाळ्या झाल्या, नारळ मिळाला.

खुर्च्या उचलायच्या वेळी पंचाहत्तरीच्या आसपासचे एक गृहस्थ जवळ आले. आयुष्यभर तांब्या-पितळेची भांडी ठोकलेला माणूस. म्हणाले, "सर, तांबट म्हंजे आमच्यातलाच की ओ तो. मग त्याला हात सायबानं दिला म्हणताय?"

मी म्हणालो, "मामा, पुस्तकांत तसंच आहे."

"असंल. खरं सपाट पत्र्यातनं घागर काढणाऱ्याला गोलाई कोण शिकवणार?"

मी हसून वेळ मारून नेली, पण प्रश्न घरापर्यंत आला. मी काही इतिहासाचा पदवीधर नाही. उद्यमनगरातल्या फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करण्यात माझी तीस वर्षे गेली. वाचन, लेखन सगळे कामावरून आल्यावरचे. आमच्या धंद्यात ड्रॉइंग आणि पॅटर्न जुळत नसतील तर आधी माप पुन्हा घ्यायचे असते. त्या रात्री मी तेच केले. टिपणांतल्या सगळ्या तारखा एका कागदावर ओळीने मांडल्या.

तारखांचा हिशोब

जेम्स वेल्सचा जन्म १७४७ सालचा, स्कॉटलंडमधल्या पीटरहेडचा. तो मुंबईच्या बंदरात उतरला १७९१ साली आणि पुण्याला आला १७९२ साली. याबद्दल वाद नाही. आता गंगारामचे एक चित्र पाहा. ते आहे पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचे आणि त्याची नोंद महिन्यासकट आहे: नोव्हेंबर १७९०.

गेंड्याचे चित्र काढले गेले तेव्हा वेल्सने हिंदुस्थानच्या भूमीवर पाऊलही ठेवलेले नव्हते. म्हणजे ज्या गुरूने हात दिला असे मी व्याख्यानात सांगितले, तो गुरू येण्याआधीच शिष्य काम करत होता. दोन्ही तारखा माझ्या टिपणांत होत्या, वेगवेगळ्या पानांवर. त्या एकमेकींशेजारी ठेवायचे मला सुचले नव्हते, कारण साहेब आला आणि मग आपण शिकलो, ही गोष्ट इतक्या वेळा ऐकलेली की ती तपासून पाहावी असे वाटतच नाही.

आणखी एक गोष्ट त्या रात्री ध्यानात आली. व्याख्यानात वेल्स 'आले' होते आणि गंगाराम 'तयार झाला' होता. एकाला आदरार्थी, दुसऱ्याला एकेरी. मराठीत आपण आवडत्या कलावंताला एकेरीत बोलावतो हे खरे. पण मग सगळ्यांनाच तसे बोलवावे. म्हणून या लेखात गंगाराम, वेल्स आणि मॅलेट हे तिघेही एकेरीतच येतील.

साहेबाचा वाडा आणि पेशव्यांचा शिकारखाना

मग १७९० साली गंगाराम कोणासाठी काम करत होता? उत्तर आहे चार्ल्स वॉर मॅलेट. हा ईस्ट इंडिया कंपनीचा पुण्यातला वकील, म्हणजे रेसिडेंट. १७८६ ते १७९७ अशी अकरा वर्षे तो पुणे दरबारी होता आणि मुळा-मुठेच्या संगमावर त्याचे बिऱ्हाड होते. १ जून १७९० रोजी टिपू सुलतानाविरुद्ध कंपनी आणि मराठे यांच्यात पुण्यात तह झाला, तो घडवणारा हाच. त्या कामगिरीबद्दल पुढच्या वर्षी त्याला बॅरोनेट हा किताब मिळाला.

मॅलेटचे काम दरबाराची नस ओळखण्याचे होते. कोण कोणाला भेटते, फौज किती, खजिना किती, या बातम्या त्याला लागत. पण त्याच्या जिज्ञासेला तेवढ्याने पुरत नसे. देवळे, लेणी, जनावरे, माणसे, सण, सगळ्याची नोंद त्याला हवी होती. त्या काळात छायाचित्र नव्हते. जे दाखवायचे ते हाताने काढावे लागे. हा हात त्याला पुण्यातच मिळाला. गंगाराम चिंतामण नवगिरे, जातीने आणि धंद्याच्या नावाने तांबट. इंग्रजी कागदांत तो 'गंगाराम' एवढाच उरतो, तोही साहेबी उच्चारात.

इथे एक कबूल करायला हवे. जनावर जसे आहे तसेच एकट्याने कागदावर घ्यायचे, ही मागणी मॅलेटची होती. आपल्याकडे मेणवलीच्या नाना फडणविसांच्या वाड्यात किंवा वाईच्या परिसरात जी भित्तिचित्रे आहेत, त्यांत हत्ती-घोडे आहेत, पण ते कथेतले, मिरवणुकीतले. शास्त्रीय नोंदीसाठी प्राण्याचे चित्र हा प्रकार युरोपीय माणसाने मागितला म्हणून झाला. मागणी साहेबाची होती, तरी ती पुरी करणारा डोळा आणि हात इथलाच होता. घागर कोणी मागितली यावरून ती कोणी घडवली हे ठरत नाही.

दोन गेंडे

पेशव्यांचा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याला होता. सवाई माधवरावांना जनावरांचा शौक. त्यात वाघ होते तसा गेंडाही होता. गेंडा दख्खनचा प्राणी नव्हे. तो तराईतला, ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. पुण्यातल्या माणसांना तो हत्तीपेक्षाही नवलाचा वाटला असणार.

या गेंड्याचे मोल कळण्यासाठी दुसरा एक गेंडा आठवावा लागतो. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याने पोर्तुगिजांच्या अल्बुकर्कला एक गेंडा भेट दिला. तो गोव्यातून जहाजावर चढला आणि १५१५ साली लिस्बनला पोचला. त्याचे वर्णन आणि एक कच्चे रेखाटन जर्मनीत न्यूरेंबर्गला गेले. तिथे आल्ब्रेख्ट ड्यूरर या थोर चित्रकाराने त्यावरून लाकडी ठशाचे चित्र केले. ड्यूररने गेंडा कधीच पाहिला नाही. त्याच्या चित्रातल्या गेंड्याच्या अंगावर चिलखताचे पत्रे रिबिटांनी बसवल्यासारखे दिसतात आणि खांद्यावर एक जास्तीचे छोटे शिंग आहे. तरीही पुढची दोनशे-अडीचशे वर्षे युरोपातली पुस्तके गेंडा म्हणून हाच छापत राहिली. चित्र इतके जबरदस्त होते की प्रत्यक्ष जनावर त्याच्यापुढे फिके पडले.

ड्यूररला मोठा म्हणायला माझी ना नाही. पण ऐकीव माहितीवरून काढलेला गेंडा जगभर माहीत आहे आणि समोर उभे राहून काढलेला गेंडा त्याच्या स्वतःच्या शहरातही फारसा कोणाला माहीत नाही. गेंड्याच्या कातडीला मोठमोठ्या घड्या असतात. दुरून त्या जोडलेल्या पत्र्यांसारख्या दिसतात; ड्यूररचा घोळ तिथेच झाला. पत्रा आणि कातडे यांतला फरक कोणाला पटकन कळेल? ज्याच्या हाताखालून रोज पत्रा जातो त्याला, असे मला वाटते.

ते मामा म्हणाले त्याचा अर्थ मला नंतर त्यांच्या शेजारी बसून कळला. तांब्याचा पत्रा आधी भट्टीत तापवून नरम करतात. मग लोखंडी दांड्यावर धरून हातोडीने ठोके देत देत वळवतात. शेवटी अंगभर बारीक एकसारखे ठोके देतात, त्याला मठारकाम म्हणतात. ठोका कुठे पडला हे उजेडात तिरके धरून पाहायचे. जिथे गोलाई चुकली तिथे उजेड तुटतो. म्हणजे चांगला तांबट दिवसभर सावली वाचत असतो. चित्रकलेच्या शाळेत 'छायाप्रकाश' म्हणून जे शिकवतात, त्याची निम्मी तालीम इथे पोटासाठी होते. गंगारामने स्वतः किती घागरी ठोकल्या हे कोणत्या कागदावर नाही. पण ज्या घराचे आडनावच ठोक्यावरून पडले, त्या घरात वाढलेल्या मुलाच्या नजरेला हे नवीन नसणार, इतके म्हणायला हरकत नाही.

शनिवारवाड्यातली चित्रशाळा

वेल्सचे श्रेय मात्र काढून घ्यायचे कारण नाही. १७९२ साली तो पुण्यात आला तो मॅलेटच्या आधाराने. आल्याबरोबर मोठमोठी कामे त्याच्याकडे आली. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचे एकत्र तैलचित्र त्याच वर्षीचे. ते आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. महादजी शिंदे त्या वर्षी पुण्यास आले, त्यांचेही चित्र त्याने केले. आज शाळेच्या पुस्तकात आपण नाना आणि महादजी यांचे जे चेहरे ओळखतो, त्यामागे बऱ्याच अंशी वेल्सची बैठक आहे.

पेशव्यांच्या परवानगीने शनिवारवाड्यात चित्रशाळा चालली, तीही मॅलेटच्या खटपटीने. वेल्सने तिथे शिकवले. मुंबईचे सर जे. जे. स्कूल निघाले १८५७ साली. त्याच्या साठेक वर्षे आधी, इंग्रजी राज्य नसताना, मराठ्यांच्या वाड्यात पाश्चात्त्य पद्धतीच्या चित्रकलेचे वर्ग भरत होते. आपल्या आधुनिक कलेचा आरंभ आपण १८५७ पासून मोजतो, तेव्हा हे प्रकरण सुटून जाते.

वेल्सकडून गंगारामला काय मिळाले? दृष्टिक्रम, म्हणजे लांबचे लहान आणि जवळचे मोठे दाखवण्याचे गणित. इमारत मोजून कागदावर उतरवण्याची शिस्त. वेल्सच्या रोजनिशीत गंगारामचा उल्लेख येतो तो सोबत काम करणारा म्हणून. तेव्हा 'वेल्सचा शिष्य' म्हणण्याऐवजी 'वेल्सचा सहकारी, जो काही गोष्टी त्याच्याकडून शिकला' असे म्हणणे तारखांशी अधिक इमानदार आहे. चांगल्या कारागिराने नवे हत्यार हाती घेतले म्हणून त्याचा आधीचा हात खोटा ठरत नाही. आमच्याकडे हाताच्या रंध्यावरून मशीनवर गेलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे.

वेरूळचे माप

गंगारामचे सर्वांत अवघड काम वेरूळचे. मॅलेटला लेण्यांचे वेड होते, वेल्सलाही. १७९५ साली वेल्स वेरूळला काम करत होता, तेव्हा गंगाराम त्याच्याबरोबर होता.

कैलास लेण्याचे रेखाटन म्हणजे काय, हे माझ्यासारख्या पॅटर्नवाल्याला जरा जास्त कळते. ही बांधलेली इमारत नाही. सुमारे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद असा खड्डा वरून खाली खोदत नेला आहे. मागच्या बाजूला कडा १०७ फूट उंच आहे, आणि मध्ये उरलेल्या एकसंध दगडाचे देऊळ. आठव्या शतकातले, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले. इमारतीचा नकाशा काढताना भिंतीमागे जाऊन जाडी मोजता येते. इथे भिंतीमागे डोंगर आहे. किती काढून टाकले आणि किती उरले, हे दोन्ही एकाच वेळी डोक्यात धरावे लागते. साच्यातली पोकळी आणि त्यातून निघणारा नग असे दोन्ही आम्ही धरतो तसेच. मजल्यावर मजला, जिन्यातला अंधार, वटवाघळांची घाण, आणि हातात दोरी व कागद. त्या काळात हे माप घेणे म्हणजे महिनेच्या महिने खर्ची घालणे.

मॅलेटने वेरूळवर लिहिलेला लेख 'एशियाटिक रिसर्चेस' या कलकत्त्याच्या नियतकालिकाच्या सहाव्या खंडात १७९९ साली आला. त्यातल्या चित्रांमागे गंगारामची रेखाटने आहेत. पण वेरूळची जी चित्रे खऱ्या अर्थाने गाजली, ती १८०३ साली लंडनला निघालेल्या चोवीस दृश्यांच्या भव्य चित्रसंग्रहातली. त्याच्या शीर्षकपानावर दोन नावे आहेत: रेखाटने जेम्स वेल्सची, खोदकाम थॉमस डॅनियलच्या देखरेखीखाली. तिसरे नाव नाही.

१७९५

हे साल पुण्याने हसत सुरू केले. मार्चमध्ये खर्ड्याला निजामावर मोठा विजय मिळाला. गंगारामचे पर्वतीचे चित्र याच सालचे आहे. टेकडी, वरची देवळे, नानासाहेब पेशव्यांनी उभारलेले देवदेवेश्वराचे स्थान. आज पर्वतीच्या पायऱ्यांशी इतकी घरे झाली आहेत की टेकडीचा आकार मोकळा दिसत नाही. तो पाहायचा असेल तर गंगारामकडे जावे लागते.

ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या मजल्यावरून पडले आणि दोन दिवसांत गेले. वय एकवीस. त्याच वर्षाच्या अखेरीस साष्टीत लेण्यांचे काम करताना ताप भरून वेल्स वारला. गादीच्या वारशावरून पुण्यात जो गोंधळ माजला, त्यात चित्रशाळेची आठवण कोण ठेवणार? १७९७ साली मॅलेटने पुणे सोडले. पुढे विलायतेत त्याने वेल्सची मुलगी सुझाना हिच्याशी १७९९ साली लग्न केले. त्यामुळे वेल्सचे कागद आणि मॅलेटचे कागद एकाच घरात जमा झाले आणि त्या गठ्ठ्यात गंगारामची चित्रेही गेली.

एका अर्थाने ती त्यामुळेच वाचली. पेशवाई १८१८ साली संपली आणि १८२८ च्या आगीत शनिवारवाडा जळाला. चित्रे पुण्यात राहिली असती तर त्यांचे काय झाले असते, कोण जाणे. परदेशी गेले म्हणून उरले, हे मान्य करताना बरे वाटत नाही, पण खोटेही सांगवत नाही. आज गंगारामचे बरेच काम अमेरिकेत न्यू हेवन या गावी येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या केंद्रात आहे. केंद्र पॉल मेलन या संग्राहकाच्या देणगीतून उभे राहिले. संस्थेच्या नावात 'ब्रिटिश' आहे, आणि आत एका पुणेकर तांबटाचा गेंडा आहे. सुदैवाने या केंद्राने आपली चित्रे संगणकावर सर्वांना खुली केली आहेत. मी न्यू हेवनला जाणे शक्य नाही. घरी बसून गेंडा पाहिला, तो असा.

नाव कोणाचे राहते

त्याच काळातले आणखी एक चित्र सांगतो. १७९० च्या तहाचा दरबार दाखवणारे भव्य तैलचित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. मध्ये पेशवे, आजूबाजूला मुत्सद्दी, साहेब मंडळी. हे चित्र १८०५ चे, थॉमस डॅनियलने केलेले, वेल्सच्या रेखाटनांवरून. दरबार भरला तेव्हा वेल्स हिंदुस्थानात नव्हता आणि डॅनियलही त्या दरबारात नव्हता. तरी पेशव्यांचा दरबार म्हणजे हेच, असे आपण समजतो आणि पुस्तकांवर छापतो. त्याच साली, त्याच शहरात, त्याच मॅलेटसाठी चित्रे काढणारा माणूस मात्र तळटिपेत असतो.

यात कोणाचा कट होता असे मी म्हणत नाही. मॅलेट आणि वेल्स यांनी गंगारामचे नाव लिहून ठेवले, म्हणून तर ते आपल्याला कळले. आपल्या दप्तरांत कारागिराची नोंद बहुधा मजुरीच्या रकमेपुरती होते. काम कोणाच्या हातचे, याची चौकशी आपण फारशी केली नाही. अलीकडे मात्र चित्र पालटते आहे. हॉली शॅफर या अमेरिकन अभ्यासकाने पश्चिम हिंदुस्थानातल्या या मिश्र कलेवर ग्रंथ लिहिला, आपल्याकडे डॉ. उदय कुलकर्णी यांनी वेल्सवर पुस्तक केले. माझ्यासारख्याला या सगळ्यांचा आधार. माझी भर एवढीच की दोन तारखा शेजारी ठेवल्या.

कोल्हापुरात तर हा प्रश्न अवघड वाटायला नको होता. आबालाल रहिमान इथून मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकायला गेला, ती एक वाट. दुसरी वाट बाबूराव कृष्णराव मेस्त्रीची. कोणत्या कलाशाळेत गेला नाही. घरची कारागिरी, बापाचा हात. पडदे रंगवले, मूर्ती घडवल्या, स्वतःच्या हाताने कॅमेरा तयार केला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणली. लोकांनी त्याचे मेस्त्री हे आडनाव बाजूला ठेवून बाबूराव पेंटर म्हटले. कारागिराच्या घरातून चित्रकार निघतो हे ज्या गावाने शंभर वर्षे डोळ्यांनी पाहिले, त्या गावात उभा राहून मी सांगत होतो की तांबटाला हात साहेबाने दिला.

गेल्या दिवाळीच्या आधी गेंड्याचे चित्र चांगल्या कागदावर छापून घेतले आणि त्या मामांच्या घरी गेलो. आता नजर कमी झाली आहे त्यांची. चित्र खिडकीशी नेले, उजेडाला तिरके धरले, जसे भांडे धरतात तसे. बराच वेळ पाहिले.

"पुस्तकात चुकलं होतं का?" त्यांनी विचारले.

"पुस्तकात दोन्ही तारखा होत्या मामा. मी नीट लावल्या नव्हत्या."

"मग आता लावा की," म्हणाले, आणि चित्र भिंतीवर कुठे लावायचे ते सुनेला सांगू लागले.